पाचवा वाटा

१

मोजणीदाराचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या भांडणांत गेलं, आणि त्याला त्याचं काडीइतकंही वाईट वाटत नव्हतं. भावाभावांत किंवा शेजाऱ्यांत जमिनीवरून जुंपली की त्याला बोलावणं जायचं. तो साखळी, खुंट्या आणि पाणसळ घेऊन हजर व्हायचा, सावली शोधून आधी पाणी प्यायचा आणि मग मधोमध उभा राहून खणखणीत आवाजात विचारायचा, "लगतचे हजर आहेत का?" ज्यांच्या जमिनी एकमेकींना लागून, त्या प्रत्येकाने तोंडाने 'हजर' म्हणायचं. एकदा हजर म्हटलं आणि मोजणी झाली, की हद्द कायम. मग त्या माणसाला मागे फिरता येत नाही, आणि मोजणीदारालाही नाही. बावीस वर्षांत त्याची एकही मोजणी फिरली नव्हती, आणि ही गोष्ट तो ओळख झाल्यापासून पाच मिनिटांच्या आत समोरच्याला सांगत असे.

"अतिक्रमण काही फावडं खांद्यावर टाकून येत नाही," हेही तो सांगायचा. "दर खेपेला दोन बोटं. दोन बोटांसाठी कोण भांडतो? आणि मोकळी जागा दिसली, मग तर विचारूच नका. आज तुम्ही उठलात, उद्या दुसरा बसला."

"आणि माझ्या उशीचं काय?" बायको विचारायची. ती एका शाळेत गाणं शिकवायची, आणि घरात तिचा आवाज तसा कमीच निघायचा. पण रोज सकाळी डोळे मिटलेले असतानाच तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: "अहो, सरका की जरा तिकडे." दुसऱ्यांच्या हद्दी इंचाइंचाने मोजणारा हा गृहस्थ झोपेत मात्र अख्खा पलंग बळकावायचा. त्यावरून तिचा भाऊ, म्हणजे मोजणीदाराचा मेहुणा, त्याला गेली दहा वर्षं चिडवत आला होता.

त्यांची एकुलती एक मुलगी नऊ वर्षांची. रांगत असताना जमिनीवर पडलेला कण न् कण वेचून तोंडात टाकायची, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. आता त्याच मुंगीला दोन घास भरवायचे तर घरात तीन माणसं घामाघूम होत होती. मध्ये एक लांबलेला ताप येऊन गेला होता. ताप गेला तो तिची भूक सोबत घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "आणखी दोन महिने बघू. दर सोमवारी वजन करायचं. काटा वर गेला नाही, तर दवाखान्यात ठेवून नळीने भरवावं लागेल." ते ऐकून बायको रडली. मोजणीदार रडला नाही. त्याने वहीत वजनाचा तक्ता आखला.

आणि त्याच आठवड्यात, शनिवारी दुपारी, दवाखान्यातून परतताना मुंगी एका दारासमोर थांबली आणि म्हणाली, "बाबा, मला भूक लागली." मोजणीदाराने वर पाटीसुद्धा वाचली नाही. बायको, मुंगी आणि सोबत आलेला मेहुणा, सगळ्यांना घेऊन सरळ आत शिरला.

२

ते एक छोटं हॉटेल होतं. मालकिणीची आई स्पेनची, नवरा समुद्रापलीकडचा, उत्तर आफ्रिकेतला. म्हणून अर्धी जेवणं आईकडची, अर्धी नवऱ्याकडची. खाली निळ्या-पांढऱ्या फरशा, भिंतीवर कमरेपर्यंत चांदण्यांच्या नक्षीचे चौकोन, छताला जाळीचे पितळी दिवे. दिवसाउजेडीसुद्धा ते दिवे लावलेले असत आणि टेबलांवर ठिपक्याठिपक्यांचा उजेड पडे. आतून नवरा भांडी वाजवायचा. तो बाहेर कधी येत नसे. बाहेरचं सगळं मालकीण एकटी बघायची.

आधी लहान बशा आल्या: ऑलिव्ह, लसणात परतलेली कोळंबी, बटाट्याचं जाड ऑम्लेट. मेहुण्याने त्यांचा फडशा पाडला. मग मालकिणीने दोन्ही हातांनी मातीचं मोठं गोल ताट आणलं. त्यात कुसकुसचा डोंगर होता, म्हणजे गव्हाचे वाफवलेले बारीक दाणे, मोकळे आणि गरम. वर गाजरं, भोपळा, चणे आणि मऊ शिजलेलं मटण.

"आमच्याकडे एकच ताट," ती म्हणाली. "ज्याच्या समोर जे, ते त्याचं. शेजाऱ्याच्या पुढ्यात हात घालायचा नाही. पोटभर खा, पण आपल्या हद्दीत."

मोजणीदाराचा चेहरा उजळला. "बघा," तो म्हणाला, "ही बाई आपल्यातली आहे."

ते कोनाड्यातल्या टेबलाशी बसले होते. भिंतीकडेने लाकडी बाक होता, त्यावर गाद्या. बाकावर बायको, तिच्याशेजारी मुंगी, आणि मुंगीच्या पलीकडे कोपरा रिकामा. समोरच्या दोन स्टुलांवर मोजणीदार आणि मेहुणा. मेहुण्याचं स्टूल कोपऱ्याच्या बाजूला. त्या दिवशी मुंगी जेवली. चमच्यामागून चमचा, खाली मान घालून जेवली. बायकोने टेबलाखालून नवऱ्याचा हात इतका दाबला की त्याची अंगठी रुतली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्याही.

त्यानंतर दर शनिवारी दुपारी तेच टेबल ठरून गेलं. तिसऱ्या शनिवारी मोजणीदाराला ती गोष्ट दिसली.

एका ताटात चौघे जेवले की कडेपासून मध्याकडे चार खळगे पडतात. प्रत्येकाच्या समोर एक, आणि दोन खळग्यांमध्ये दाण्यांचा उभा बांध. मोजणीदाराची नजर या गोष्टीवर जाणार नाही तर कोणाची? तो चहाची वाट बघत सहज ताटाकडे बघत होता आणि मनात मोजत होता. मोजून झालं. पुन्हा मोजलं. खळगे पाच होते. पाचवा रिकाम्या कोपऱ्यासमोर होता, मुंगी आणि मेहुणा यांच्यामध्ये, चाटूनपुसून साफ.

"मेहुणे," तो म्हणाला, "दोन-दोन आघाड्यांवर लढताय वाटतं?"

"म्हणजे?"

"पोरीच्या बाजूचं खाल्लंत."

मेहुणा आधी हसला आणि मग त्याला लागलं. "भाऊजी, मी खादाड आहे हे जगजाहीर आहे. पण भाचीच्या तोंडचा घास काढणारा नाही. ताई, सांग ना यांना!"

"अहो, काहीतरीच काय," बायको म्हणाली. तिने रुमालाने मुंगीचं तोंड पुसलं आणि विषय मिटला. मोजणीदाराच्या दृष्टीने मात्र तो मिटला नव्हता. सोमवारी दवाखान्यातल्या काट्याने दाखवलं की मुंगीचं वजन तीनशे ग्रॅमने उतरलं आहे. सलग तिसऱ्या सोमवारी ते उतरलं होतं.

"घरी खात नाही का ती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घरी नाही. पण शनिवारी ताट साफ करते," बायको म्हणाली. "आम्ही डोळ्यांनी बघतो ना."

३

मोजणीदार हा भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. स्मशानाला लागून असलेल्या जमिनी त्याने भर दुपारी आणि तिन्हीसांजेलाही मोजल्या होत्या, आणि तिथे त्याला त्रास दिला तो फक्त जिवंत माणसांनी. तेव्हा पुढच्या शनिवारी त्याने सरळ जागा बदलल्या. मेहुण्याला स्वतःच्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः कोपऱ्याच्या बाजूला बसला.

"ही कसली नजरकैद?" मेहुणा कुरकुरला.

"गप जेवा," मोजणीदार म्हणाला.

त्याने पिशवीतून पाणसळ काढली, ती बुडबुड्याची काचेची नळी बसवलेली लाकडी पट्टी. कोपऱ्यातली गादी उचलून त्याने पाणसळ बाकाच्या उघड्या फळीवर ठेवली. बायकोने कपाळाला हात लावला. मोजणीदाराला वाटत होतं की बाकच कलता असेल, टेबल कलतं असेल, ताट त्या अंगाला झुकत असेल आणि दाणे घसरून खळगा पडत असेल. साधा हिशेब. पण मुंगी बसलेली असतानाही बुडबुडा नळीच्या बरोबर मधोमध होता. फळी केसाचीही कलती नव्हती.

मालकिणीने ताट आणून टेबलावर ठेवलं. फळी किंचित करकरली, आणि बुडबुडा हळूच मुंगीच्या बाजूला सरकला.

मोजणीदाराने ते नीट पाहिलं. बुडबुडा नेहमी उंच बाजूला जातो. म्हणजे कोपऱ्याकडची बाजू दबली होती. माणूस बसला की दबते, तितकी. त्याने फळीवर हात टेकवून पाहिला. लाकूड कोरडं होतं आणि नेहमीसारखंच गार होतं. मालकिणीने पाणसळीकडे एक नजर टाकली, ती बाजूला सारून गादी परत जागेवर ठेवली आणि निघून गेली.

"जुनं लाकूड आहे," मोजणीदार स्वतःशीच म्हणाला. "पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं." आणि त्याने जेवायला सुरुवात केली.

ताटावर चमचे वाजत होते. मातीवर लाकडी चमचा घासला की बारीक खरखर येते. थोड्या वेळाने बायकोने आपला चमचा खाली ठेवला आणि मान तिरकी केली. शाळेत मुलांच्या घोळक्यातून बेसूर कोण आहे ते ती अशीच मान तिरकी करून ओळखायची.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"तुम्ही थांबा जरा. तूही थांब रे. मुंगी, तूसुद्धा."

चौघांचे चमचे थांबले. आणि तरीही ती खरखर एक-दोन क्षण चालूच राहिली. संथ, एका लयीत, भूक असलेल्या माणसाची. मग तीही थांबली. जणू इतरांचं थांबणं तिच्या उशिरा लक्षात आलं.

"आतून आवाज येतोय," मेहुणा म्हणाला. "स्वयंपाकघरातून." त्याच्या हातातला पाव मात्र खाली आला होता.

मोजणीदाराने ताटाकडे पाहिलं. पाचवा खळगा होता. पण त्याला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीने. मुंगीच्या आणि त्या खळग्याच्या मधला बांध मागच्या शनिवारी मुंगीच्या उजव्या हाताच्या रेषेत होता. आज तो तिच्या छातीसमोर आला होता. मुंगीच्या समोरचं ताट साफ झालेलं दिसत होतं खरं, पण ते साफ कोण करत होतं?

घरी परतताना मुंगी त्याचं बोट धरून चालत होती. तिची बोटं काडीसारखी लागत होती.

"मुंगे, तुझ्या शेजारी कोण जेवतं गं?" त्याने अगदी सहज आवाजात विचारलं.

"मला नाही माहीत. मी वर बघत नाही."

"का?"

"जेवताना खाली बघून जेवायचं," ती म्हणाली. "मी माझ्याच समोरचं खाते, बाबा. नियम आहे ना. पण त्याचं संपलं की तो माझं घेतो."

४

"आपण तिथे जायचंच नाही," बायको त्या संध्याकाळी म्हणाली. "झालं तेवढं पुरे."

"आणि ती जेवणार कुठे?" मोजणीदाराने विचारलं. घरात त्या क्षणी मुंगीसमोर तासाभरापूर्वीचं दूध साय धरून पडलं होतं. "ते एकच ठिकाण आहे जिथे ती स्वतःहून चमचा उचलते. तिचं तिला पोचत नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि हा प्रश्न मी बावीस वर्षं सोडवत आलोय."

"ही जमीन नाहीये हो."

"हद्द म्हणजे हद्द," तो म्हणाला. "शेजारी घुसतो म्हणून कोणी घरदार सोडून जातं का? घुसणाऱ्याला त्याचं दाखवून द्यायचं. इथपर्यंत तुझं, इथून पुढे नाही. त्याला स्वतःचं असं काही नाही, म्हणून तो दुसऱ्याच्यात घुसतो. पुष्कळ पाहिलेत असले."

"ओसरी दिली की हातपाय पसरतात म्हणतात, ते ऐकलंय का?"

"मोजून दिली की नाही पसरत," मोजणीदार म्हणाला. आणि तो इतक्या खात्रीने म्हणाला की तिला बरं वाटलं. या माणसाच्या खात्रीवर तिने संसार केला होता, आणि आजवर तिचं काही बिघडलं नव्हतं.

शनिवारी ताट आलं. वाफा निघत होत्या. मेहुण्याने चमचा पुढे केला तसा मोजणीदाराने तो अडवला. "थांबा. आधी मोजणी."

त्याने चमचा उलटा धरला आणि त्याच्या दांड्याने कुसकुसच्या डोंगरावर मध्यापासून कडेपर्यंत रेघ ओढली. मग दुसरी. त्याचा हात जराही हलला नाही. नजरेने पाच सारखे भाग पाडणं चार पाडण्यापेक्षा कितीतरी कठीण, पण त्याने ते पाडले, आणि मटणाचे तुकडेसुद्धा प्रत्येक भागात सारखे सारले. काम झाल्यावर तो ताठ बसला. त्याला फार समाधान वाटत होतं. आणि अशा समाधानात तोंडाला जी सवय असते ती आपसूक बाहेर पडते.

"लगतचे हजर आहेत का?" त्याने खणखणीत आवाजात विचारलं.

"हजर, सरकार!" मेहुणा म्हणाला. "पाचामुखी परमेश्वर!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसता हसता मध्येच थांबला.

"हजर," बायको म्हणाली, निव्वळ त्याला बरं वाटावं म्हणून.

"हजर," मुंगी म्हणाली.

मग कोपऱ्यात चमचा टेकल्याचा आवाज झाला. लाकूड मातीच्या कडेवर ठेवावं तसा, सावकाश, अदबीने केलेला एकच आवाज. टेबलावर चमचे चारच होते, आणि चारही त्यांच्या हातांत होते.

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. मालकीण हातातला फडका तसाच घेऊन लगबगीने आली. तिची नजर आधी कोपऱ्याकडे गेली, मग ताटातल्या पाच रेघांकडे. तिने मोजणीदाराच्या हातातला चमचा घेऊन त्याच्या पाठीने त्या रेघा पुसायचा प्रयत्न केला. दाणे हलले, पण रेघा तशाच राहिल्या.

"काय केलंत हे, साहेब?" ती म्हणाली.

"वाटे पाडले. कोणी कोणाचं खाऊ नये म्हणून."

"मी इथे इतकी वर्षं ताटं वाढते," ती हळू आवाजात म्हणाली. "कोणाला भूक असते, कोणाला नसते. उरलंसुरलं कोणी नेलं तर मी बघत नाही. पण उरलंसुरलं वेगळं आणि वाटा वेगळा. मी कधी कोणाला जागा मोजून दिली नाही."

"म्हणूनच तुमच्याकडे तंटा होता," मोजणीदार म्हणाला. "आता नाही होणार."

मालकिणीने त्याच्याकडे पाहिलं, मुंगीकडे पाहिलं, आणि मुंगीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवून ती आत गेली. त्या दिवशी पुदिन्याचा चहा घेऊन ती आली नाही.

पण मुंगी जेवली! आपल्या दोन रेघांमधलं सगळं, शेवटच्या दाण्यापर्यंत, ती एकटी जेवली. शेजारचा वाटाही साफ झाला, आणि मधली रेघ जिथे ओढली होती तिथेच उभी राहिली. मोजणीदाराने ती तीनदा तपासली.

५

सोमवारी काटा चारशे ग्रॅम वर गेला.

डॉक्टरीणबाईंनी काटा शून्यावर आणून पुन्हा वजन केलं. पुन्हा तेच. बायको दवाखान्यातच हसायला आणि रडायला लागली. पुढच्या सोमवारी आणखी पाचशे. मुंगी घरीसुद्धा मागून खाऊ लागली. तिच्या गालांवर रंग आला, जिन्यावरून तिची धावपळ ऐकू यायला लागली, आणि मेहुण्याने तिला खांद्यावर घेऊन साऱ्या खोल्यांतून मिरवणूक काढली.

"भाऊजी, तुम्हाला मानलं," तो म्हणाला. "रुसलेल्या भुकेचीसुद्धा हद्द कायम केलीत."

मोजणीदाराने नम्रपणे मान हलवली. त्या हॉटेलात जायची आता गरज उरली नव्हती. ते गेलेही नाहीत. त्याने वजनाचा तक्ता वहीतून फाडला नाही, उलट खाली तारीख घातली आणि सही केली. त्याच्या लेखी प्रकरण मिटलं होतं.

नाही म्हणायला एक-दोन बारीकसारीक गोष्टी होत्या. मुंगी सोफ्यावर एका टोकाला अंग चोरून बसायची आणि पाय पसरायची नाही. गाडीच्या मागच्या सीटवर एकटी असली तरी खिडकीला चिकटून असायची. बायकोने एकदा विचारलं तर म्हणाली, "मला पुरतं एवढं." नऊ वर्षांच्या मुली चमत्कारिक असतातच. आणि खाणारी चमत्कारिक पोर ही न खाणाऱ्या शहाण्या पोरीपेक्षा केव्हाही बरी, असं म्हणून दोघांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

६

रविवारी सकाळी सात वाजता मोजणीदाराला जाग आली. बाहेर लख्ख ऊन होतं. बायको गाढ झोपली होती. तिला न उठवता तो पलंगावरून उतरला, चहाचं आधण ठेवायला निघाला आणि जाता जाता मुंगीच्या खोलीत डोकावला.

मुंगी जागी होती. भिंतीला पाठ लावून, हात अंगाशी घेऊन, एका कुशीवर निमूट पडली होती. पलंगाचा बाहेरचा भाग मोकळा होता.

"अगं, अशी काय अवघडून झोपतेस? पसर की जरा. केवढा पलंग आहे."

"तो अर्धा माझा नाही, बाबा."

"कोण म्हणतं असं?"

"तुम्हीच मोजून दिलात ना," मुंगी म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "मी हजर म्हटलं होतं. त्यानेही म्हटलं."

मोजणीदार पुढे झाला. चादरीवर उशीपासून पायथ्यापर्यंत एक सुरकुती गेली होती. दोरी ताणून पाडावी इतकी सरळ. सुरकुतीच्या अलीकडे, मोकळ्या भागात, गादी लांबट दबलेली होती. तो त्या खळग्याकडे बघत राहिला. मग त्याने हाताने गादी थोपटली. दुसरी कुठलीही गादी थोपटल्यावर वर येते. ही आली नाही. आणि ती उबदार होती.

असल्या वेळी काय करायचं ते त्याच्या हातांना माहीत होतं. दाराच्या खुंटीवरच्या पिशवीतून त्याने टेप काढली आणि पलंग मोजला. नव्वद सेंटीमीटर. सुरकुती पंचेचाळिसावर. बरोबर निम्म्यावर, ना इकडे ना तिकडे. एवढ्या सगळ्यातही त्याला क्षणभर बरं वाटलं. रेघ त्याने ताटात जशी घातली होती तशीच होती.

मग त्याने खळग्याची कड पाहिली. ती रेघेवर थांबली नव्हती. ती रेघ ओलांडून मुंगीच्या बाजूला गेली होती. त्याने टेप लावली नाही. त्याला लावायची गरज नव्हती. दोन बोटं.

"मुंगे," तो म्हणाला, "तू आता आहेस तिथेच राहा. हलू नकोस."

बावीस वर्षांत त्याने एक गोष्ट हजार लोकांना सांगितली होती: कागद काहीही म्हणो, ज्याचं बूड जागेवर तो खरा. त्याने चपला काढल्या आणि तो त्या खळग्यात आडवा झाला. आधी पाय, मग पाठ, मग डोकं. खळगा त्याच्यापेक्षा वीतभर लांब होता. पण त्याने तो भरून काढला, खांदा रेघेला टेकवला आणि पलीकडे मुंगीला सांगितलं, "घे. आता इथे मी आहे. बघू कोण येतं."

मुंगीने हळूच हात लांब केला. मग पाय. कितीतरी दिवसांनी ती ऐसपैस पसरली आणि तिने बापाच्या दंडावर डोकं ठेवलं. तिचे केस त्याच्या हनुवटीला लागत होते. मोजणीदाराला आतून भरून आलं. तो हे रोज करेल, त्याने ठरवलं. गरज पडली तर आयुष्यभर इथे झोपेल. एवढंच ना?

"पण बाबा," मुंगी थोड्या वेळाने म्हणाली, "मग तुमच्या जागेवर कोण?"

"माझ्या जागेवर कोण असणार? मोकळी आहे ती."

हे बोलून झालं आणि त्याचं त्यालाच ते ऐकू आलं.

पलीकडच्या खोलीत पलंग करकरला. जड माणूस सवयीने अंग टाकतो तसा, लांब, सावकाश. मग बायकोचा आवाज आला, अर्धवट झोपेतला, रोजच्यासारखा वैतागलेला आणि रोजच्यासारखाच मायेचा.

"अहो, सरका की जरा तिकडे."

मोजणीदार धडपडून एका कोपरावर उठला. दंडाखालून निसटलेलं मुंगीचं डोकं गादीवर टेकलं, आणि तिने हात-पाय पुन्हा अंगाशी ओढून घेतले. पाठीखालच्या गादीतून, जिथून त्याचं अंग सुटलं होतं नेमकी तिथूनच, ऊब वर येऊ लागली.

तो तसाच कोपरावर राहिला. उठला तर ही जागा मोकळी पडणार होती.